कोकणातील उन्हाळा : ऊन, घाम आणि वारा
(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी)

'उन्हाळा' हा शब्द उच्चारताच मुलांच्या तोंडून जी वर्णने बाहेर पडतात ती पुष्कळदा ऐकीव असतात. भेगाळलेली काळी जमीन, अंग भाजून काढणारा वाऱ्याचा झोत, कोरडे पडलेले ओठ, हे चित्र नागपूर, चंद्रपूर, जळगाव या भागांचे आहे आणि तेथील मुलांच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु राजापूर किंवा देवगड तालुक्यातील मुलाने तेच चित्र वहीत उतरवावे आणि उतरवीत असता त्याच्या कोपराखालचा कागद घामाने ओला व्हावा, ही विसंगती शिक्षकांच्या ध्यानात यावयास हवी. आपल्या अंगाला रोज जे जाणवते ते एक आणि परीक्षेत लिहावयाचे ते दुसरे, अशी समजूत लहान वयात झाली म्हणजे शास्त्र हा विषय मुलास कायमचा परका होतो.

प्रस्तुत पाठाचा आरंभ एका साध्या प्रश्नाने करावा. वैशाखात नागपूरचे तापमान ४४ अंश सेल्सिअस असते तेव्हा रत्नागिरीचे ३४ अंशांच्या आसपास असते. दहा अंशांचा फरक हा लहान नव्हे. मग रत्नागिरीचा माणूस सुखात असावयास हवा. तो का नाही? हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा व त्याचे उत्तर त्या दिवशी देऊ नये.

ओल्या फळ्यापासून आरंभ

पाठास साहित्य म्हणावे असे फारसे लागत नाही. ओले फडके, एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याचा माठ आणि शक्य झाल्यास प्रयोगशाळेत वापरतात तसले दोन तापमापक पुरेत. ताप मोजण्याचा तापमापक या कामी उपयोगी नाही, आणि तो पाऱ्याचा असल्यास मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

फळा ओल्या फडक्याने पुसावा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत मुलांनी एका लयीत अंक मोजावेत. सकाळी साडेसात वाजता एकदा व खारा वारा सुटल्यानंतर अकराच्या सुमारास पुन्हा एकदा मोजावे. दारे-खिडक्या बंद करून तिसऱ्यांदा मोजल्यास उत्तमच. येणारे आकडे मुलांचे स्वतःचे असतात, म्हणून त्यांवर त्यांचा विश्वास बसतो. त्यानंतरचे संभाषण साधारणपणे पुढील वळणाने न्यावे.

बाई : काल आईने कपडे कोठे वाळत घातले?
मुले : अंगणात, दोरीवर. थोडे पडवीत.
बाई : आधी कोणते वाळले?
मुले : अंगणातले. पडवीतले संध्याकाळी पण ओलेच होते.
बाई : अंगणात जास्त काय होते?
मुले : ऊन. आणि वारा.
बाई : कपड्यांतले पाणी गेले कोठे?
एक मूल : उन्हाने खाल्ले.

हे शेवटचे उत्तर चूक म्हणून टाकून देऊ नये. पाण्याला वाफ होण्यासाठी उष्णता लागते, हे त्या मुलाने आपल्या भाषेत निम्मे सांगितलेलेच आहे. उरलेले निम्मे पुढील प्रयोगाने सांगता येते. प्रत्येक मुलाने हाताचा मागचा भाग ओला करून त्यावर फुंकर घालावी. गार वाटते. ओले पाणी वाळताना लागणारी उष्णता हातातूनच घेते, म्हणून ते गार. आता तोच ओला हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी मनगटाशी धरून ठेवावी. दोन-तीन मिनिटांत हात चिकचिकीत होतो, पिशवीच्या आतून धुके धरते आणि गारवा नाहीसा होतो. पाणी आहे, हात आहे. परंतु पाण्याला जावयास जागा उरलेली नाही. कोकणातील मे महिना म्हणजे ही पिशवी, एवढे वाक्य मुले आपणहून बोलली तर पाठाचा अर्धा भाग झाला असे समजावे.

आकड्यांत सांगावयाचे झाल्यास

पाचवीच्या मुलांना पुढील हिशेब झेपतो. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी वर्गखोली घ्यावी. तिच्यात १०८ घनमीटर हवा मावते. ३४ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. म्हणजे त्या एका खोलीत, कोठेही न दिसणारे, सुमारे पावणेतीन लिटर पाणी तरंगत असते. ४४ अंश व १५ टक्के आर्द्रता असलेल्या विदर्भातील तेवढ्याच खोलीत ते जेमतेम एक लिटर भरते. आणि ती हवा अधिक तापलेली असल्यामुळे आणखी साडेपाच-पावणेसहा लिटर सामावून घेण्याची तिची तयारी असते. कोकणच्या खोलीत मात्र सव्वा लिटरच्या आतच जागा शिल्लक राहते. त्यात चाळीस मुलांचा घाम आणि श्वास!

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या जवळपास राहावे लागते. खेळताना, ओझे उचलताना, नुसते बसले असतानाही शरीरात उष्णता तयार होत असते व ती बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे आठ लिटर पाणी उकळीस येईल. निसर्गाची ही व्यवस्था फार सामर्थ्याची आहे. परंतु तीत एक अट आहे, आणि ती अट पाठ्यपुस्तके बहुधा पुरेशा जोराने सांगत नाहीत. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. हनुवटीवरून टपकून गेलेला घाम शरीराचे पाणी व मीठ घेऊन जातो आणि बदल्यात काहीही देत नाही.

दोन तापमापक मिळाले तर ही गोष्ट डोळ्यांनी दाखविता येते. दोन्ही सावलीत शेजारी-शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळावी, चिंधीचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि पुठ्ठ्याने दोन्हींवर पाच मिनिटे वारा घालावा. ओला तापमापक कोरड्याच्या खाली उतरतो. वर सांगितलेल्या विदर्भाच्या हवेत कोरडा ४४ दाखवील तेव्हा ओला २३ च्या आसपास येईल. कोकणच्या हवेत कोरडा ३४ आणि ओला २९. फळ्यावर लिहून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. घामाच्या साहाय्याने शरीर जो गारवा मिळवू शकते त्याची पातळी ओला आकडा सांगतो, आणि त्या हिशेबाने रत्नागिरी नागपूरपेक्षा सहा अंशांनी अधिक तापलेली आहे. ओला आकडा ३५ अंशांना पोहोचला तर सावलीत, पंख्याखाली, स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचेही शरीर फार काळ तग धरू शकत नाही असे शास्त्रज्ञ मानतात. अलीकडच्या प्रयोगांत तर तरुण व सुदृढ माणसांची मर्यादाही त्याच्या बरीच खाली आढळली.

यावरून विदर्भाचा उन्हाळा सौम्य आहे असा अर्थ मुलांनी काढू नये, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. तेथील ऊन व झळ शरीराचे पाणी नकळत शोषून घेतात आणि माणसे दगावतात. दोन्ही ठिकाणचा शत्रू उष्णताच. तिची वाट मात्र निराळी, म्हणून बचावही निराळा.

घरोघरचा अनुभव

या मुद्द्यावर मुलांना घरी पाठवून माहिती आणावयास सांगावे. कोकणातील घर ही उन्हाळ्यात एक मोठी प्रयोगशाळाच असते; तिच्यात काम करणारांना तसे कोणी सांगितलेले नसते इतकेच.

पहिला पदार्थ माठ. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाळते म्हणून आतले पाणी निवते. ते ओल्या तापमापकाच्या आकड्यापेक्षा अधिक थंड होऊ शकत नाही. म्हणून नागपूरच्या माठातले पाणी दातांना झोंबते, आणि मालवणच्या माठातले नुसते बरे लागते. कुंभार वाईट नाही, हवा ओली आहे. विदर्भात घरोघर दिसणारा पाण्याचा कूलर कोकणात का रुजला नाही, याचेही कारण हेच. तो येथे गारव्याऐवजी ओलावाच वाढवील.

दुसरा पदार्थ मीठ. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते, आणि खडेमीठ तर त्याआधीच ओलसर होते. सैंपाकघरातील मिठाची बरणी हा फुकटचा आर्द्रतामापक आहे. मुलांनी रोज सकाळी बरणीत डोकावून 'कोरडे', 'ओलसर' किंवा 'पाणी सुटले' अशी नोंद करावी. ज्या हवेवर कोकणची माणसे कुरकुर करतात त्याच हवेशी झुंजून शिरोड्यासारख्या गावी मिठागरे पिकत आली, हे ओघाने सांगता येईल. १९३० सालच्या सत्याग्रहामुळे ते नाव मुलांच्या कानांवरून गेलेलेही असते.

नंतर आगोटीची कामे घ्यावीत. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी करण्याचे दिवस नेमके हेच. आंबापोळी, फणसपोळी, कुळीथ, पापड, सुकी मासळी आणि कोकम, यांतील प्रत्येक वस्तू म्हणजे पाणी काढून टाकण्याचा प्रयत्न. कोकमाच्या साली रसात भिजवावयाच्या, उन्हात घालावयाच्या, पुन्हा रसाचे पूट द्यावयाचे, पुन्हा वाळवावयाच्या. तेव्हा कोठे आमसूल होते. खळ्यात पसरलेला माल संध्याकाळी आत न घेतल्यास रात्रीची ओल तो पुन्हा शोषून घेतो. हे प्रत्येक आजीला माहीत असते. त्या माहितीचे नाव 'आर्द्रता' आहे, एवढेच शाळेने तीत घालावयाचे आहे.

याच वेळी विहिरींचा तळ दिसू लागतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढावी लागते, कारण जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून व उतारांवरून पाणी फार काळ थांबत नाही. पाणी आणावयास मुलीही जातात. सकाळची शाळा सुटल्यावर, टळटळीत दुपारी, हंडा घेऊन चढ चढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीस 'तापमान काय' असे विचारून उपयोग नाही. वर्गात कोणकोण पाणी भरते व केव्हा भरते, हे शिक्षकांस ठाऊक असावे. दुपारच्या फेऱ्या पहाटे किंवा उन्हे कलल्यावर करता येतील का, हा विषय पालकसभेत काढण्याजोगा आहे.

घराची रचनाही पाहण्यासारखी आहे. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, चहूबाजूंनी पडवी, आणि खळ्यावर नारळाच्या झापांचा मांडव. यांत भर आहे तो सावलीवर आणि वारा खेळता ठेवण्यावर. दुपारी दारे-खिडक्या घट्ट लावून घ्याव्यात, हा सल्ला देशावरच्या झळांसाठी योग्य आहे. दमट हवेत बंद खोली म्हणजे तीच प्लॅस्टिकची पिशवी. अलीकडे कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. तो दिवसभर तापतो व रात्रभर उष्णता सोडीत राहतो. त्यातच हवेतील वाफ जमिनीची उष्णता सहजी वर जाऊ देत नाही, म्हणून किनाऱ्यावर वैशाखातील रात्रही २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. ज्या मुलास रात्री झोप लागलेली नाही ते सकाळी आठ वाजता बाकावर डोके टेकते. त्यास आळशी म्हणण्यापूर्वी ते कोणत्या छपराखाली झोपते याची चौकशी करावी.

आहाराविषयी फार सांगण्याची गरज नाही. सकाळची पेज मिठासह, दुपारी सोलकढी किंवा ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत : पाणी आणि मीठ एकत्र परत देण्याची ही जुनी रीत आहे. बाटलीबंद रंगीत पेय हे तिचे स्थान घेऊ शकत नाही.

शाळेतील व्यवस्था

फेब्रुवारी-मार्चपासूनच सावध राहावे. या काळात समुद्रावरून येणारा खारा वारा एखाद्या दिवशी उशिरा सुटतो आणि तोपर्यंत जमिनीवरचा तप्त वारा तापमान एकदम वर नेतो. किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेले तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मैदानी प्रदेशासाठी तीच मर्यादा ४० अंशांची आहे. हा तीन अंशांचा फरक शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा. मे जवळ येतो तसे तापमान फारसे चढत नाही, ओलावा मात्र चढत जातो.

परिपाठ सावलीत व थोडक्यात घ्यावा. कवायत आणि धावण्याचे खेळ सकाळी आठच्या आत संपवावेत. ओल्या तापमापकाचा आकडा २८ च्या वर असेल, किंवा कोरडा ३७ च्या वर गेला असेल, त्या दिवशी ते मुळीच घेऊ नयेत. तापमापक नसल्यास फळ्याचा आधार घ्यावा. पुसलेला फळा वाऱ्यातही लवकर वाळत नसेल तर मुलांचा घामही वाळणार नाही. गणवेशाचे कापड सुती व सैल असावे. काही शाळांतून अलीकडे लहान मुलांच्या गळ्यांत टाय दिसू लागले आहेत. त्याची शोभा थंड देशात असेल. चैत्र-वैशाखात तरी तो खुंटीवरच शोभतो. पाणी पिण्यासाठी दर अर्ध्या तासाने मुद्दाम थांबावे, कारण खेळात रमलेल्या मुलास तहान उशिरा कळते.

आणखी एका जागेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पोषण आहार शिजतो ती खोली बहुधा लहान, पत्र्याची आणि एकाच दाराची असते. चूल, उकळते पाणी व भाताची वाफ यांमुळे शाळेतील सर्वांत दमट व सर्वांत तापलेली जागा तीच. आणि तेथे राबणाऱ्या बायका तापमानाच्या कोणत्याही नोंदीत नसतात. समोरासमोर दोन झरोके पाडणे, छपरावर झावळ्या टाकणे, शिजविण्याचे काम लवकर उरकू देणे, एवढे तरी प्रत्येक शाळेस करता येईल.

त्रास झाल्यास

पायांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर, भरपूर घाम ही पहिली लक्षणे होत. मुलास सावलीत, वाऱ्याच्या जागी निजवावे, पाय किंचित उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोटघोट पाजावे. अर्ध्या तासात उतार न पडल्यास आरोग्य केंद्र गाठावे.

उष्माघात ही निराळी गोष्ट आहे. मूल बरळू लागले, ओळख विसरले, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेले लागले, तर एक क्षणही वाया घालवू नये. येथे एक समजूत दूर करणे अत्यंत आवश्यक आहे. 'उष्माघातात घाम बंद होतो व कातडी कोरडी पडते' असे पुष्कळांनी वाचलेले असते. दमट हवेत, विशेषतः खेळून किंवा श्रम करून आलेल्या मुलाच्या बाबतीत, अंग घामाने निथळत असतानाही उष्माघात झालेला असू शकतो. घाम येत आहे म्हणून काळजी नाही, असा निष्कर्ष काढणे जिवावर बेतते. बिघडलेले भान हीच खरी खूण धरावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता अंगावर सतत पाणी ओतावे व जोराने वारा घालावा. बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून काखेत, मानेशी व जांघेत ठेवावा. दमट हवेत नुसत्या वाऱ्याने भागत नाही, पाणी हवेच. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभानंतर उष्णतेच्या त्रासाने चौदा माणसांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली. त्या दिवशी तेथील तापमान ४० अंशांच्या खालीच होते. ती माणसे नुसती बसून होती; कोणी धावत नव्हते की ओझी वाहत नव्हते. शाळेच्या मैदानावरचा एखादा कार्यक्रम लांबत चालला असता, पाहुणे यावयाचे राहिले असता, हे उदाहरण मुख्याध्यापकांनी आठवावे आणि मुलांना उठवून सावलीत न्यावे. पाहुण्यांचा रोष पत्करता येतो.

नोंदवही

पाठ एका तासात संपवू नये. जानेवारीअखेरपासून सुटी लागेपर्यंत मुलांच्या गटांनी रोज दोन वेळा नोंदी कराव्यात : कोरडा आकडा, ओला आकडा, फळा वाळावयास मोजलेले अंक, मिठाची स्थिती, खारा वारा सुटल्याची वेळ. शेवटची नोंद माडाच्या झावळ्यांकडे पाहूनही घेता येते. आकड्यांत चुका राहतील. त्या पुसून टाकू नयेत, शेजारी दुसऱ्या गटाचा आकडा लिहावा. मे महिन्यात गावी आलेल्या मुंबईकर पाहुण्यांकडूनही, तेथे कपडे किती वेळात वाळतात ते विचारून लिहून घ्यावे. वहीची शेवटची चार पाने कोरी ठेवावीत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पहिला पाऊस होऊन गेलेला असताना, फळा पुन्हा एकदा पुसावा, मुलांनी अंक मोजण्यास आरंभ करावा आणि ते कोठवर मोजावे लागतात ते त्या पानांवर लिहावे.